दीड लिटर हवा

१

श्रीरंग चौगुले मेला तो मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास. साहिबाबादच्या एका गॅरेजात तळघराकडे जाणारा सिमेंटचा उतार होता. त्या उतारावर उभी असलेली, तो ड्रायव्हर म्हणून चालवायचा ती बिल्डर भल्लांची चंदेरी परदेशी गाडी मागे घरंगळली आणि ती व खालची भिंत यांच्यामध्ये तो सापडला. सतरा वर्षं फौजेत ट्रक हाकलेला माणूस. लडाखच्या वळणांनी ज्याला सोडलं, त्याला गाझियाबादच्या बावीस फूट उताराने गाठलं. नशिबाला ताळतंत्र नसतं ते असं.

गॅरेज महेश पिसाळचं. पोलिसांनी महेशला ठाण्यात नेलं आणि पाच वाजता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला. तो उचलला महेशच्या वडिलांनी, सुभेदार शहाजी पिसाळांनी.

शहाजीराव म्हणजे फौजेच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेला मिस्त्री. रिटायर झाल्यावर साताऱ्याला परतायचं सोडून ते दिल्लीतच राहिले. तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांच्याकडे बिघडलेले मिक्सर आणत, आणि अधूनमधून बिघडलेली प्रकरणंही. सोसायटीच्या मोटरची तांब्याची तार कुणी पळवली, गणपतीच्या लाइटिंगला आग कशी लागली, असली कोडी त्यांनी बसल्याजागी सोडवली होती. त्यांचं म्हणणं एकच असे, आधी यंत्राला विचारा, माणसाला मागाहून. यंत्राला लाज नसते, म्हणून ते खरं बोलतं.

ठाण्यात पोचेपर्यंत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की हँडब्रेकची केबल तुटली असणार. परदेशी माल झाला म्हणून काय झालं, केबल ती केबलच.

महेश लॉकअपच्या भिंतीला टेकून बसला होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण गुडघे छातीशी घेतले होते. वडिलांना पाहून तो उठला नाही.

"केबल तुटली का रे?" शहाजीरावांनी गजातून विचारलं.

"नाही बाबा."

"मग?"

महेशने जमिनीकडे बघत सांगितलं, "गाडीतली हवा काढत होतो. श्रीरंग मागे उभा होता. हँडब्रेक सुटला." आणि मग, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, "चाकांना ठोकळे लावायचे विसरलो."

२

बाहेरच्या माणसाला या वाक्याचं काही वाटणार नाही. पिसाळांच्या घरात मात्र ते वाक्य म्हणजे देव्हाऱ्यात चपला घालून जाण्यासारखं होतं.

गाडी उतारावर उभी केली की आधी मागच्या चाकांखाली ठोकळे, मग बोनेट. काम संपलं की सीटवर ड्रायव्हरने बसायचं, पाय ब्रेकवर. ठोकळे काढायचे ते मिस्त्रीने, आणि काढले की लगेच खिळ्याला टांगायचे, उतरती बाजू भिंतीकडे. हे शहाजीरावांचे नियम. महेश दहा वर्षांचा असताना दिल्ली कँटच्या क्वार्टरमागे एकदा जीपच्या चाकाला दगड लावायला विसरला होता. जीप हललीसुद्धा नव्हती, पण त्याच्या कानाखाली आवाज निघाला आणि त्या रात्री तो जेवला नाही. 'चूक माफ, हयगय नाही,' हे वाक्य त्या पोराने आईच्या ओव्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलेलं. सहा वर्षांपूर्वी त्याने गॅरेज काढलं तेव्हा शहाजीरावांनी स्वतः शिसवीचे दोन ठोकळे घडवून, लाल रंग देऊन त्याला भेट दिले होते.

इन्स्पेक्टर त्यागी त्याच भागातले, सरळ माणूस. त्यांनी सुभेदारांना खुर्ची दिली.

"सूबेदार साहब, सीधा-सादा लापरवाही का केस है. लड़के ने ख़ुद मान लिया. कल दोपहर तक ज़मानत हो जाएगी, घर ले जाइए."

"मेरा लड़का लापरवाह नहीं है," शहाजीराव म्हणाले.

"साहब, लकड़ी के टुकड़े दीवार पर टँगे मिले हैं. लगाए ही नहीं थे."

"टँगे मिले, ये मैं मानता हूँ. लगाए नहीं थे, ये नहीं मानता."

त्यागींनी आपली खुर्ची पुढे ओढली. मग हसून म्हणाले, "मेरी एक मुश्किल है. मुझे गाड़ी पर तकनीकी राय चाहिए. ज़िले में ऐसी गाड़ी समझने वाला एक ही आदमी है, और वो मेरे लॉकअप में बैठा है. आप फ़ौजी हैं, झूठ नहीं लिखेंगे. कल सुबह आप देख लीजिए."

घरी हौसाबाईंनी देवापुढे निरांजन लावून ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, विसरला असेल. माणूस आहे, घड्याळ आहे का तो?"

"माझ्या हाताखाली शिकलाय तो."

"म्हणूनच म्हणते." हौसाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "निष्काळजी तर निष्काळजी. उद्या घरी तर येतोय ना? कशाला खोदत बसता?"

बाईंचं म्हणणं शहाण्याने ऐकावं असंच होतं. पण शहाजीरावांना त्या एका शब्दाची अशी काही तिडीक होती की पोरावर चोरीचा आळ आला असता तरी ते इतके पेटले नसते.

३

बुधवारी सकाळी धुक्यात आणि धुरात उतार राखाडी दिसत होता. श्रीरंगला काढण्यासाठी पोलिसांनी गाडी जराशी वर ढकलली होती, एवढाच काय तो बदल. बाकी सगळं तसंच होतं.

त्यागींनी विचारलं, "ये हवा निकालना क्या होता है? पंक्चर वाली हवा?"

शहाजीरावांनी बोनेट उघडून त्यांना समजेल असं सांगितलं. या गाडीच्या इंजिनात एक मशीन बाहेरची हवा दाबून भरतं, म्हणून गाडीला एवढा जोर. दाबलेली हवा तापते. ती गार करायला वेगळं कूलंट, त्याची वेगळी छोटी टाकी, आणि ते फिरवायला विजेवरचा वेगळा पंप. इंजिनच्या नेहमीच्या रेडिएटरशी त्याचा काही संबंध नाही. आता त्या कूलंटमध्ये बुडबुडा अडकला तर पंप नुसता गुरगुरत राहतो, कूलंट फिरत नाही, हवा गार होत नाही. मग गाडीतला कॉम्प्युटर इंजिन वाचवायला आपणहून जोर तोडतो. म्हणून पंप बदलला की आतली हवा काढावी लागते. गाडीचं नाक वर करून उभी करायची, कारण बुडबुडा वर जातो. इंजिन बंद, चावी फिरवून फक्त पंप चालू. वरचा हा बारीक स्क्रू सैल करायचा आणि टाकीत कूलंट ओतत राहायचं. स्क्रूतून आधी फसफस येते, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार लागली की स्क्रू घट्ट.

"और नॉर्मल गाड़ी में?"

"उसमें काफ़ी हवा चलते-चलते अपने आप निकल जाती है. इसमें नहीं निकलती. इसमें आदमी को बैठना पड़ता है."

मग त्यांनी यंत्राला विचारायला सुरुवात केली. स्क्रू घट्ट होता, भोवती फडक्याने पुसलेलं. टाकीचं झाकण बंद, कूलंट बरोबर खुणेपर्यंत. चावी फिरवली तर पंप मधमाशीसारखा शांत घुमला, गुरगुर नाही. म्हणजे काम पुरं झालं होतं. आणि महेशने जबानीत म्हटलं होतं की स्क्रू उघडा असताना, हवा निघत असताना गाडी सुटली. समोर माणूस चिरडला जात असताना कोण स्क्रू आवळून फडक्याने पुसत बसेल?

शहाजीरावांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी ती पुढच्या कामाने झाकली. बाजूला कूलंटचा पाच लिटरचा नवा डबा होता. सीलची चकती शेजारीच पडलेली, म्हणजे डबा कालच फोडलेला. त्यांनी काडी बुडवून पाहिली, साडेतीन लिटर उरलं होतं. सवयीने त्यांनी डायरीत लिहिलं, 'दीड लिटर आत गेलं.'

मग ते उतारावर उकिडवे बसले. कूलंट गुलाबी असतं. हवा काढताना सांडलेलं थोडंसं कूलंट उतारावरून खाली ओघळून सुकलं होतं. मागचं डावं चाक जिथे उभं असणार, त्याच्या जरा खाली तो ओघळ दुभंगला होता. मध्ये एक कोरडा चौकोन, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गुलाबी रेघ. पाटाच्या पाण्यात वीट ठेवली की पाणी जसं वळसा घालतं, तसं.

शहाजीरावांनी खिळ्यावरचे ठोकळे काढले आणि उलटे केले. एकाच्या बुडाला आणि कडेला गुलाबी डाग वाळून बसला होता. त्यांनी तो चौकोनावर ठेवला. नेमका बसला.

"लगाया था!" त्यांचा आवाज चिरकला. "देखिए त्यागी साहब, मेरे बेटे ने लकड़ी लगाई थी! वो लापरवाह नहीं है!"

अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यागींनी ते पाहिलं आणि वाकून ठोकळ्याच्या कडेचा डाग निरखला.

"अच्छा," मग ते सावकाश म्हणाले. "इसीलिए मरने वाले की हथेलियाँ भी गुलाबी थीं. मान लिया, लगाई थी. तो फिर, सूबेदार साहब, हटाकर वापस टाँगी किसने?"

४

भल्लांचं ऑफिस इंदिरापुरमच्या अर्धवट उभ्या टॉवरांमध्ये होतं. दहा वर्षांपूर्वी तिथे ऊस होता, आता खिडकीतून क्रेन दिसत होत्या. माणूस तोंडाने गोड, पण घड्याळाकडे बघून बोलणारा. शहाजीरावांना तो पहिल्या क्षणापासून संशयित म्हणून पसंत पडला. आपल्या पोराला सोडून जगात कुणीही चाललं असतं त्यांना.

"कल चार बजे मैं यहीं था, बीस लोगों के साथ मीटिंग में," भल्ला म्हणाले. "और मैं अपने ड्राइवर को क्यों मारूँगा? उस पर तो पहले ही केस चल रहा था."

"कैसा केस?"

भल्लांनी सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी एका लग्नाला जाताना हापुड रोडवर श्रीरंगने ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी काढली. गाडी ट्रकच्या बरोबरीला गेली आणि तिथेच तिचा जोर गेला. समोरून स्कूटरवर एक शाळामास्तर येत होते. वाचण्यासाठी त्यांनी स्कूटर कडेला घातली आणि ते खड्ड्यात पडून जागीच गेले. केस श्रीरंगवर झाली.

"वो बोलता रहा, साब, गाड़ी ने दम तोड़ दिया. हर ड्राइवर यही बोलता है. गाड़ी तो उसी दिन महेश के यहाँ से नया पंप डलवाकर आई थी." भल्लांनी ड्रॉवरमधून गॅरेजचं कामाचं कार्ड काढून पुढे सरकवलं. "ये देखिए, आपके बेटे की लिखाई. बढ़िया आदमी है, मैंने उस दिन उसे एक घंटा भी नहीं दिया, फिर भी काम पूरा किया."

कार्डावर महेशच्या नेटक्या इंग्रजी अक्षरात तीन ओळी होत्या. पंप बदलला. हवा पूर्ण काढली. गाडी चालवून पाहिली. खाली सही.

"कल गाड़ी गैरेज क्यों गई थी?"

"श्रीरंग की ज़िद थी. बोला, एक बार ले जाने दो."

शहाजीराव तिथून निघाले ते गॅरेजच्या शेजारच्या शेडमध्ये. तिथे गुणवंत मेश्राम गाड्यांना रंग मारी. वर्ध्याचा माणूस, चटकन तापणारा. गेल्या महिन्यात भल्लांच्या गाडीच्या दारावरच्या ओरखड्यावरून त्याची आणि श्रीरंगची बाचाबाची हातघाईवर आली होती, हे शहाजीरावांना ठाऊक होतं. काल आवाज ऐकून सगळ्यात आधी धावला तोही गुणवंतच. महेशला अडकवायला ठोकळे खिळ्यावर टांगले असतील तर ते यानेच.

"तुमचं भांडण होतं ना श्रीरंगशी?"

"होतं. दिवाळीला मिटलं पण. फराळ घेऊन आले होते ते." गुणवंत थिनरने हात पुसत होता. "साहेब, मी मारलं असतं तर ब्रशनं मारलं असतं. गाडीतलं मला काय कळते?"

"आवाज आला तेव्हा काय करत होतास?"

"दरवाजा रंगवत होतो. तोंडाला मास्क, कानात कम्प्रेसरचा आवाज. आधी वाटलं पत्रा पडला. मग कम्प्रेसर बंद केला, मास्क काढला, आलो. मिनिट-दोन मिनिटं गेली असतील."

"ठोकळे कुठे होते?"

"खिळ्यालाच होते."

"नक्की?"

"बिल्कुल. मला दिसले म्हणून तर सांगतो." गुणवंतने नजर वळवली. "महेशभाऊ तिथेच उभे होते, खिळ्यांजवळ. पाठमोरे. मी म्हटलं भाऊ, झालं काय? तर ते वळले आणि मग ओरडले, 'अरे, कुणीतरी या!'"

शहाजीरावांनी वळून शेजारच्या उताराकडे पाहिलं.

"साहेब, एक सांगू? त्याआधी त्यांनी हाक मारलीच नव्हती. कम्प्रेसर बंद झाल्यावर मला फक्त श्रीरंगभाऊंचा आवाज येत होता."

५

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? शहाजीराव स्कूटर बाजूला लावून एका चहाच्या टपरीवर बसले. समोर चहावर साय धरली. घरी परत जावं, राय द्यायला नकार द्यावा, दुपारी जामीन, संध्याकाळी पोरगा घरी. हौसा म्हणाली तसं. सोपं होतं.

पण जबानी खोटी का, हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवला नसता. काहीतरी तिसरं निघेल, पोरगा कुणाला तरी वाचवत असेल, अशी एक वेडी आशाही होती. ते श्रीरंगच्या बायकोकडे, पार्वतीकडे गेले.

अर्थला वस्तीजवळच्या दोन खोल्या. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. हिंदूराव हॉस्पिटलमधलं दाईचं काम सोडून आलेली तिची बहीण चहा देत होती. प्रेत अजून ताब्यात मिळालं नव्हतं. पार्वतीने सुभेदारांना पाहून डोक्यावर पदर घेतला.

"साहेब, ते झोपत नव्हते हो तीन आठवडे. मास्तरांच्या घरी दोनदा जाऊन आले. दारात बसायचे नि परत यायचे. म्हणायचे, चूक माझी नाही, पण मग कुणाची? माणूस गेला तो गेलाच ना?"

"काल गॅरेजला का गेले?"

"चावी फिरवली की डॅशबोर्डमागून गुरगुर ऐकू यायची त्यांना. फौजेत ट्रकच्या डिझेलमधली हवा काढली होती ना, म्हणून ओळखलं. म्हणाले, महेशने हवा काढलीच नसणार. माझ्यासमोर काढ म्हणून सांगतो. बुडबुडे निघाले नाहीत तर मी खोटा, पाया पडून परत येईन."

"मग?"

"साडेतीनला फोन आला. गॅरेजशेजारच्या बूथवरून." पार्वतीचा आवाज इथवर सरळ होता, आता तो मोडला. "रडत होते साहेब. म्हणाले, पार्वती, बुडबुडे थांबतच नाहीत. अर्धा तास झाला. तो ओततोय नि गाडी पितेय."

दीड लिटर. शहाजीरावांच्या खिशातली डायरी जड झाल्यासारखी वाटली. तीन आठवड्यांपूर्वी हवा काढलेल्या गाडीत काल घोटभरही कूलंट मावायला नको होतं. दीड लिटर आत गेलं, म्हणजे तेवढी जागा हवेने अडवली होती. तेवढ्या हवेवर सही करून महेशने गाडी रस्त्यावर सोडली होती, आणि त्या हवेने एका मास्तराचा जीव घेतला होता.

"पोलिसांत जाणार होते का?"

"नाही म्हणाले. पोराचं वाटोळं नको. ज्यांना सांगायचं त्यांना संध्याकाळी सांगतो, ते ठरवतील." तिने मान हलवली. "कुणाला, ते नाही सांगितलं. सकाळी जाताना इस्त्रीचा शर्ट तेवढा मागून घेतला होता."

६

दुपारी दोनला शहाजीराव ठाण्यात आले. व्हरांड्याच्या बाकावर हौसाबाई डबा घेऊन बसल्या होत्या. जामिनाचे कागद टाइप होत होते. त्यागींनी कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं. शहाजीराव म्हणाले, "पाँच मिनट, बेटे से मिलके."

या वेळी महेश गजापाशी आला. वडिलांचा चेहरा पाहूनच त्याने ओळखलं असावं.

"स्क्रू आवळलेला होता," शहाजीराव हळू आवाजात म्हणाले. "काम संपलं होतं. ठोकळे लावलेले होते, त्यांच्या बुडाला कूलंट आहे. ते काढले श्रीरंगने, त्याचे तळवे गुलाबी होते. म्हणजे ड्रायव्हर मागे होता आणि मिस्त्री सीटवर. उलटं. ठोकळे त्याच्या हातून पडले असणार, त्याच्या पायाशी. तिथून ते आपले आपण खिळ्यावर गेले नाहीत. तू ते उचललेस. तो ओरडत होता, आणि तू ठोकळे टांगत होतास, उतरती बाजू भिंतीकडे करून."

महेशने मान खाली घातली.

"का, ते मला कळत नव्हतं. माणूस निष्काळजी दिसू नये म्हणून धडपडतो. तू तसं दिसावं म्हणून धडपडलास. निष्काळजीला दोन वर्षं, फार तर. दुसऱ्या गोष्टीला किती, ते तुलाही माहीत होतं."

"मी ठरवलं नव्हतं, बाबा." महेशने गज धरले. "खरंच नाही. बुडबुडे थांबले तेव्हा तो रडत होता. म्हणाला, माझ्याने आता या गाडीत बसवत नाही, तू बाहेर काढ, मी ठोकळे काढतो. मी सीटवर बसलो. हँडब्रेक सोडला. पाय ब्रेकवर होता."

"त्या दिवशी हवा का नाही काढलीस?"

"भल्ला डोक्यावर उभा होता. वाटलं, निघेल आपोआप चालताना, बाकी गाड्यांसारखी. रात्री पुस्तक काढून वाचलं, तर निघत नाही. सकाळी फोन करून परत बोलावणार होतो." तो थांबला. "तोवर मास्तर गेले होते."

"मग तेव्हा सांगायचं होतंस! हात जोडून सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुला?"

महेशने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच शहाजीरावांना सोसवेना.

"त्याने ठोकळे काढले नि आरशात बघून म्हणाला, महेश, मी पोलिसांत जात नाही. मी संध्याकाळी मयूर विहारला जातो. सुभेदारसाहेबांना सांगतो, ते म्हणतील तसं करू." महेशचा आवाज अगदी बारीक झाला. "पोलिसांत जातो म्हणाला असता ना बाबा, तर जाऊ दिलं असतं मी त्याला."

बाहेर टाइपरायटर थांबला. शहाजीरावांनी गजावर हात ठेवला, पोराच्या हातावर. किती वर्षांनी, ते त्यांनाही आठवलं नसतं.

"पाय घसरला असेल," ते म्हणाले. "ब्रेकवरून. बुटाला कूलंट लागलं असेल. होतं असं. मी लिहितो तसं. तुझं लक्ष नव्हतं. हयगय झाली, म्हण. महेश, म्हण ना रे, हयगय झाली."

आयुष्यात पहिल्यांदा बाप पोराकडे निष्काळजीपणाची भीक मागत होता.

महेशने मान हलवली.

"नाही बाबा," तो म्हणाला. "उचलला मी पाय. कळून उचलला."

शहाजीराव टेबलाशी आले. त्यागी उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांना जेवढं ऐकायचं तेवढं ऐकू आलं असावं, पण कागदावर काय उतरेल ते त्यांनी म्हाताऱ्यावर सोडलं होतं. खोटं लिहिलं असतं तर चाललंही असतं कदाचित. पण पार्वतीचा नवरा अजून शवागारात होता, आणि मास्तरांच्या घरचे अजून श्रीरंगलाच शिव्या देत होते. दोन्ही घरांना खरं सांगू शकेल असा कागद जगात हा एकच होता. शहाजीरावांनी तो लिहिला. स्क्रू, डबा, दीड लिटर, ओघळातला कोरडा चौकोन, तळवे, ठोकळे, सगळं, आणि शेवटी गजाआड ऐकलेलं. एकही शब्द खोडला नाही. खाली सही करून, हुद्दा लिहून त्यांनी पेनचं टोपण लावलं.

त्यागींनी कागद वाचला. जामिनाचे टाइप केलेले कागद त्यांनी हळूच ड्रॉवरमध्ये ठेवले. "सूबेदार साहब," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

व्हरांड्यात हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. डबा अजून कोमट होता, त्या दोन्ही हातांनी धरून होत्या.

"काय झालं हो? विसरला होता ना ठोकळे?"

"नाही," शहाजीराव म्हणाले. "लावले होते त्याने."

हौसाबाईंचा चेहरा एकदम उजळला. काल संध्याकाळपासून नवरा ज्या एका गोष्टीसाठी तडफडत होता, ती सिद्ध झाली होती. "बघा! तुम्ही म्हणत होतात तेच खरं निघालं. मीच आपली काहीतरी बोलले. म्हणजे त्याची चूक नाहीच मुळी. आता लगेच सोडतील ना?"

शहाजीरावांनी तिच्या हातातला डबा घेतला, तिला पुन्हा बाकावर बसवलं आणि तिच्या शेजारी बसले. मग तिला सगळं सांगायला सुरुवात केली.